नायट्रोजिनेज उघडून पाहताना : इलेक्ट्रॉनचा माग काढत जायची रीत

हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करणारा नायट्रोजिनेज हा विकर (एन्झाइम) बहुतेकांना परीक्षेपुरता भेटतो. दोन चौकोन, मधे एक बाण, खाली ‘१६ एटीपी’ (पेशीतले ऊर्जावाहक रेणू) असं लिहिलेलं, की उत्तर पूर्ण. मला हे फार खटकतं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात कोरडवाहू हरभरा ज्या नत्रावर वाढतो, त्यातला मोठा वाटा हाच विकर हवेतून काढून देतो. हेच काम कारखान्यात करायला ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. जिवाणू ते ढेकळाखाली, साध्या तापमानाला करतो. कसं करतो याचं उत्तर त्याच्या रचनेत आहे आणि ती रचना आज कोणालाही फुकट पाहता येते.

सोलापूर जिल्ह्यात सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायन किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन एम.एस्सी. करणाऱ्यांसाठी ही रीत लिहितो आहे. कृषी पदवीच्या मुलांनाही ती जमेल. लागतं एवढंच : एक लॅपटॉप, बरं इंटरनेट आणि एक वही. मोबाइलवर चित्र उघडतं, पण अणूवर नेमकं बोट ठेवताना जीव जातो, म्हणून लॅपटॉपच घ्या.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘दिसलं’, उजवीकडे ‘अनुमान’. या विकराबद्दल जे सांगितलं जातं त्यातलं काही स्फटिकाच्या रचनेत डोळ्यांनी दिसतं आणि काही वर्णपटांवरून, समस्थानिकांवरून किंवा अमिनो आम्ल बदलून केलेल्या प्रयोगांवरून काढलेलं असतं. दोन्ही खरं असू शकतं, पण दोन्ही एकाच रकान्यात गेलं की यंत्रणा कळत नाही, नुसती पाठ होते.

आधी रानात

ही पायरी टाळू नका. हरभरा पेरून ३०-४० दिवस झाले की ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून एक झाड घ्या. फुलं लागायच्या आधीची वेळ उत्तम. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत थांबलात तर कोरडवाहू हरभऱ्याला घाटे धरलेले असतात आणि गाठी ओसरायला लागलेल्या असतात. झाड उपटू नका. काळी माती मूळ सोडत नाही, गाठी तुटून जमिनीतच राहतात. खुरप्याने वीतभर लांबून माती सोडवा, ढेकूळ तसंच बादलीत बुडवा आणि माती आपोआप विरघळू द्या.

आता सोटमुळाजवळची जाडशी गाठ ब्लेडने मधोमध कापा. आतून गुलाबी-लाल दिसली तर ती कामात आहे. हिरवट असेल तर तिचं काम संपलंय, आणि पांढरी असेल तर ते अजून सुरू झालेलं नाही किंवा होणारच नाही. हा लाल रंग नायट्रोजिनेजचा नव्हे, लेगहिमोग्लोबिनचा. ऑक्सिजनला धरून ठेवायचं आणि जिवाणूच्या श्वसनाला मोजूनमापून पुरवायचं हे त्याचं काम. कापलेली गाठ उघड्यावर ठेवली की थोड्या वेळात तपकिरी पडत जाते.

हे आत्ताच पाहून घ्यायचं कारण असं की ऑक्सिजन हा या विकराचा वैरी आहे. त्याचे लोह-गंधक समूह हवेत टिकत नाहीत. विकराच्या दोन प्रथिनांपैकी लहान प्रथिन तर हवा लागल्यावर मिनिटाच्या आतबाहेर निकामी व्हायला लागतं. म्हणूनच हा विकर शुद्ध करणाऱ्या प्रयोगशाळांत सगळं काम ऑक्सिजनरहित पेटीत हात घालून चालतं.

कोणती रचना उघडायची

प्रोटीन डेटा बँक हा प्रथिनांच्या त्रिमित रचनांचा मोफत संग्रह आहे; तिच्या संकेतस्थळावर जा आणि शोधाच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ३यू७क्यू हा संकेत टाका. ही ॲझोटोबॅक्टर विनेलँडी या जिवाणूच्या मोठ्या प्रथिनाची रचना आहे, २०११ साली प्रसिद्ध झालेली, १.० अँगस्ट्रॉम विभेदनाची. विभेदन म्हणजे किती बारीक तपशील दिसतो याचं माप, आकडा लहान तितकं चांगलं; अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. एवढ्या बारकाईने दिसणारी प्रथिनं फार थोडी आहेत. पान उघडलं की त्रिमित दृश्याचा पर्याय निवडा. ब्राउझरमध्येच दर्शक सुरू होतो, काही डाउनलोड करावं लागत नाही.

पहिल्यांदा नुसता गुंता दिसेल, त्याने दबकू नका. उजवीकडच्या घटकांच्या यादीत पाण्यापुढचं डोळ्याच्या खुणेचं बटण दाबून पाणी लपवा. मग चार साखळ्या वेगळ्या दिसतात : ए आणि सी या अल्फा, बी आणि डी या बीटा. एक अल्फा आणि एक बीटा मिळून अर्धं प्रथिन होतं आणि ते एक पूर्ण यंत्र असतं, म्हणजे या प्रथिनात दोन पूर्ण यंत्रं पाठीला पाठ लावून बसलेली आहेत. दोन्हींतल्या सक्रिय स्थानांमध्ये सुमारे ७० अँगस्ट्रॉम अंतर आहे. इतक्या लांबून इलेक्ट्रॉन एकीकडून दुसरीकडे जात नाही, म्हणून आपण एकाच अर्ध्यावर लक्ष द्यायचं. (दोन अर्धी एकमेकांच्या हालचालीची दखल घेतात असं अलीकडच्या कामातून दिसतंय, पण तो पुढचा अभ्यास.)

हरभऱ्याच्या गाठीत ॲझोटोबॅक्टर नसतो, मेसोरायझोबियम असतो. तरी विकर त्याच कुळातला आणि धातूंचे समूह तेच. तेव्हा ॲझोटोबॅक्टरवर शिकलेलं गाठीलाही लागू पडतं, फक्त अमिनो आम्लांचे क्रमांक बदलतात.

इलेक्ट्रॉन शिरतो कुठून : लहान प्रथिन

३यू७क्यूमध्ये लहान प्रथिन नाही. त्यासाठी दुसऱ्या टॅबमध्ये १एन२सी उघडा. १९९७ ची ही रचना ३ अँगस्ट्रॉमची, म्हणजे जरा धूसर, पण तिच्यात लहान आणि मोठं प्रथिन एकमेकांना बिलगलेलं सापडतं. बिलगलेलं का राहिलं? तिथे एटीपीऐवजी एडीपी (एक फॉस्फेट कमी असलेला एटीपी) आणि ॲल्युमिनियम फ्लोराइड घातलं होतं. ही जोडी एटीपी फुटण्याच्या ऐन क्षणाची नक्कल करते, त्यामुळे एरवी लगेच सुटणारी ही मिठी तशीच अडकून पडली.

लहान प्रथिनाला लोह-प्रथिन म्हणतात. त्यात दोन सारखे अर्धे असतात. दोन्हींच्या सांध्यावर, टोकाला, चार लोह आणि चार गंधक यांचा एक समूह बसलेला दिसेल. यादीत त्याचा संकेत एसएफ४ असा आहे. त्यावर क्लिक करा. त्याला धरणारी सिस्टीनं (गंधक असलेली अमिनो आम्लं) मोजा : प्रत्येक अर्ध्यातून दोन, क्रमांक ९७ आणि १३२. आता एडीपी शोधा. ते प्रत्येक अर्ध्यात एकेक, समूहापासून बरंच लांब आहे.

इथे वही उघडा. ‘दिसलं’च्या रकान्यात लिहा : समूह दोन अर्ध्यांमध्ये सामाईक आहे आणि एटीपीची जागा त्याच्या शेजारी नाही. यातून निघणारं अनुमान महत्त्वाचं. एटीपीची ऊर्जा रासायनिक रूपाने इलेक्ट्रॉनला ‘दिली’ जात नाही. एटीपी बसल्याने दोन अर्ध्यांची एकमेकांशी असलेली ठेवण बदलते, त्यामुळे सांध्यावरचा समूह आणि मोठं प्रथिन यांची जवळीक बदलते. एटीपी इथे इंधनापेक्षा दार उघडायची आणि मिटायची व्यवस्था म्हणून समजून घ्या. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत उरकलेलं असतं आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

अंतर मोजायला शिका. निवडीचा बाण सुरू करा, एसएफ४ मधला एक अणू आणि मोठ्या प्रथिनातल्या जवळच्या समूहातला एक अणू निवडा, मोजमापाच्या पर्यायात ‘अंतर’ घ्या. कडेपासून कडेपर्यंत सुमारे १४ अँगस्ट्रॉम मिळायला हवं. प्रथिनांत इलेक्ट्रॉन साधारण १४ अँगस्ट्रॉमपर्यंत एका झेपेत कामचलाऊ वेगाने जातो. लहान प्रथिन बाजूला सरकलं की हे अंतर वाढतं आणि वाट बंद होते.

पी-क्लस्टर : मधला थांबा

परत ३यू७क्यूवर या. अल्फा आणि बीटा यांच्या सांध्यावर, लहान प्रथिन टेकतं बरोबर त्या जागेखाली, पी-क्लस्टर हा धातूंचा समूह आहे. यादीत सीएलएफ हा संकेत शोधा. आठ लोह, सात गंधक. चार-चार लोहांचे दोन घन आणि दोघांत एक सामाईक गंधक. धरणारी सिस्टीनं सहा : अल्फातली ६२, ८८, १५४ आणि बीटातली ७०, ९५, १५३. वरच्या क्रमाच्या पट्टीत साखळी निवडून हे आकडे एकेक दाबत जा, प्रत्येक वेळी चित्र तिथे सरकतं.

या समूहाची गंमत अशी की दोन इलेक्ट्रॉन गेले की तो थोडा उलगडतो. दोन लोह मधल्या गंधकाला सोडतात आणि प्रथिनाकडून आधार घेतात, एक सिस्टीन ८८ च्या पाठकण्यातल्या नायट्रोजनचा आणि दुसरा बीटातल्या सेरीन १८८ चा. इलेक्ट्रॉन परत आला की समूह मिटतो.

क्रम मात्र बहुतेक जण उलटा सांगतात. लहान प्रथिन पी-क्लस्टरला इलेक्ट्रॉन देतं आणि मग पी-क्लस्टर तो पुढे ढकलतो, असं वाटणं स्वाभाविक आहे. गतिशास्त्राचे प्रयोग वेगळं सांगतात : लहान प्रथिन येऊन टेकलं की आधी पी-क्लस्टर स्वतःजवळचा इलेक्ट्रॉन पुढे देतो आणि मग लहान प्रथिन त्याची भरपाई करतं. एटीपी त्यानंतर फुटतो, फॉस्फेट सुटतं आणि लहान प्रथिन दूर होतं. दर फेरीत एक इलेक्ट्रॉन, दोन एटीपी. हे ‘अनुमान’च्या रकान्यात लिहा, कारण स्फटिकात वेळ दिसत नाही. आठ इलेक्ट्रॉनसाठी (आठच का ते पुढे येईल) आठ फेऱ्या, म्हणून १६ एटीपी. पाठ करायचा आकडा नाही, मोजून काढायचा आहे.

फेमोको : इथे वेळ द्या

पी-क्लस्टरपासून अल्फा साखळीच्या पोटात शिरा, मध्यापासून मध्यापर्यंत सुमारे १९ अँगस्ट्रॉम. इथे लोह-मोलिब्डेनम सहघटक आहे, सगळे त्याला फेमोको म्हणतात. संकेत आयसीएस. त्यावर क्लिक केलं की पाच अँगस्ट्रॉमच्या आतलं शेजारपाजार आपोआप उजळतं.

सावकाश फिरवा. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून ठेवाव्यात तसा आकार दिसेल. एका टोकाला एकटा लोह अणू, त्याला सिस्टीन २७५ चा गंधक धरतो. दुसऱ्या टोकाला मोलिब्डेनम, त्याला हिस्टिडीन ४४२ आणि होमोसायट्रेट नावाचं सेंद्रिय आम्ल धरतं. होमोसायट्रेटचा संकेत एचसीए आहे. म्हणजे एवढ्या मोठ्या समूहाला प्रथिनाचे फक्त दोन हात लागलेले आहेत. मधे सहा लोह, त्यांना दोन-दोन करून जोडणारे कमरेवरचे तीन गंधक. आणि अगदी केंद्रात, सहाही लोहांपासून साधारण २ अँगस्ट्रॉमवर, एक कार्बन.

या कार्बनचा इतिहास डेटा बँकेच्या संकेतांतच वाचता येतो आणि तो वाचायला मला फार आवडतं. १९९२ साली जोंगसुन किम आणि डग्लस रीस यांनी पहिली रचना मांडली तेव्हा मधली जागा रिकामी दिसली होती. १एन२सीमध्ये हा समूह पाहा, संकेत सीएफएम, मधे काही नाही. आता १एम१एन उघडा, २००२ ची, १.१६ अँगस्ट्रॉमची. संकेत सीएफएन, मधे नायट्रोजन दाखवलाय. मग ३यू७क्यू : आयसीएस, मधे कार्बन. जागा तीच, संकेत तीन.

आधी तो दिसला का नाही? क्ष-किरणांच्या माहितीतून इलेक्ट्रॉन-घनतेचा नकाशा काढताना विभेदन तोकडं असेल तर जड अणूंभोवती खोट्या लाटा उमटतात. इथे सहा लोह आणि नऊ गंधक यांच्या लाटा नेमक्या केंद्रात एकमेकींत मिसळून हलक्या अणूची खूण पुसून टाकत होत्या. विभेदन सुधारलं तशी खूण वर आली. ती कार्बनचीच आहे हे मात्र २०११ मध्ये नकाशाच्या जोडीला वर्णपटांचा पुरावा मिळाल्यावर ठरलं. कोणत्याही रचनेत ‘इथे काही नाही’ असं दिसलं की आधी विभेदनाचा आकडा पाहायची सवय यातून लागली पाहिजे.

आता शेजारी पाहा. तीन नावं वहीत हवीत : व्हॅलिन ७०, हिस्टिडीन १९५ आणि आर्जिनिन ९६. व्हॅलिन ७० हा समूहाच्या एका तोंडावर पहारा देतो. त्याच्या जागी लहान अमिनो आम्ल घातलं की मोठे रेणू आत शिरून अभिक्रिया करू लागतात. मोठं आयसोल्युसिन घातलं की नायट्रोजनला आणि ॲसिटिलीनला अडथळा होतो, पण प्रोटॉनपासून हायड्रोजन बनणं चालूच राहतं. म्हणजे काम त्याच तोंडाशी होतं. हिस्टिडीन १९५ कमरेवरच्या एका गंधकाजवळ आहे आणि तिथे प्रोटॉन पोचवण्यात त्याचा हात असावा असं मानतात. या गंधकाला एस२बी म्हणतात. ४टीकेव्ही ही २०१४ ची रचना उघडलीत तर कार्बन मोनॉक्साइडने याच गंधकाची जागा घेतलेली दिसेल. पक्का बसलाय असं वाटणारा गंधक निघून जाऊ शकतो, हे ‘दिसलं’च्या रकान्यात जाड अक्षरांत लिहा.

यंत्रणा : ई० ते ई८

इथपर्यंत रचना झाली. आता हिशेब. आत जातात १ नायट्रोजन रेणू, ८ प्रोटॉन, ८ इलेक्ट्रॉन आणि १६ एटीपी. बाहेर येतात २ अमोनिया, १ हायड्रोजन रेणू, १६ एडीपी आणि १६ फॉस्फेट. नायट्रोजनपासून दोन अमोनिया करायला ६ इलेक्ट्रॉन पुरतात. मग दोन इलेक्ट्रॉन हायड्रोजनवर का घालवायचे? सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न हा आहे.

वहीत नऊ ठिपके काढा, ई० पासून ई८ पर्यंत. प्रत्येक पुढच्या ठिपक्याला एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन वाढतो. डेव्हिड लो आणि रॉजर थॉर्नली या जैवरसायनशास्त्रज्ञांनी मांडलेली ही चौकट आजही वापरतात. तुम्ही ३यू७क्यूमध्ये पाहिलेली अवस्था ई० आहे आणि ई० ला नायट्रोजन बसतच नाही. म्हणून त्या चित्रात नायट्रोजन शोधू नका.

ई४ ला पोचल्यावर समूहाजवळ चार इलेक्ट्रॉन साठलेले असतात. ते नुसते लोहात भरून ठेवले असते तर समूहाला पेलले नसते. ते हायड्राइडच्या, म्हणजे जादा इलेक्ट्रॉन धरलेल्या हायड्रोजनच्या, रूपात ठेवले जातात : दोन हायड्रोजन, प्रत्येक दोन लोहांच्या मधे पूल होऊन. उरलेले दोन प्रोटॉन गंधकांवर. या हायड्राइडांचा पुरावा मिळाला तो व्हॅलिन ७० च्या जागी आयसोल्युसिन घातलेल्या प्रथिनातून, कारण तिथे नायट्रोजनला अडवल्यामुळे ही अवस्था गोठवून तपासता आली.

आता दोन हायड्राइड एकमेकांना भेटतात आणि हायड्रोजन रेणू होऊन निघून जातात. जाताना प्रत्येकी एकच इलेक्ट्रॉन नेतात, म्हणून दोन इलेक्ट्रॉन मागे लोहावर राहतात. त्या क्षणी लोह एवढं इलेक्ट्रॉनसंपन्न होतं की नायट्रोजनचा तिहेरी बंध त्याला धरता येतो आणि लगेच त्याचं दोन हायड्रोजन जोडण्यापर्यंत क्षपणही (इलेक्ट्रॉन मिळणंही) होतं. हायड्रोजन ही नासाडी नाही, नायट्रोजनला बसायला जागा करून देण्याची किंमत आहे. पुढचे चार इलेक्ट्रॉन येऊन दोन अमोनिया सुटतात.

याची पारख कशी केली तेही पाहा. ही पायरी उलटही चालते असं धरलं, तर बाहेरून जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम वायू, दिल्यावर तो नायट्रोजनला हटवून ड्यूटेराइडच्या रूपात समूहावर बसायला हवा. पाणी साधंच ठेवून, नायट्रोजन, ड्यूटेरियम आणि ॲसिटिलीन एकत्र दिले. तयार झालेल्या इथिलीनमध्ये ड्यूटेरियम सापडलं. एरवी इथिलीनमधला हायड्रोजन पाण्याकडूनच येतो.

नायट्रोजन बसलेल्या समूहाचा स्फटिक मिळाल्याचा दावा २०२० मध्ये झाला, पण त्या नकाशाच्या वाचनावर इतर अभ्यासकांनी लेखी आक्षेप घेतले. म्हणून नायट्रोजन नेमका कोणत्या लोहावर, कसा टेकतो हे मी विद्यार्थ्यांना ‘अनुमान’मध्येच लिहायला लावतो. २०२२ मध्ये विकर प्रत्यक्ष काम करत असताना गोठवून घेतलेल्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांत एका वेळी एकाच बाजूला लोह-प्रथिन टेकलेलं दिसलं. १एन२सीमध्ये ते दोन्ही बाजूंना आहे. चालू यंत्र आणि अडकवलेलं यंत्र यांत फरक असतो, तो असा दिसतो.

गाठीकडे परत येताना काय तपासायचं

आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत मोलिब्डेनम सहसा मिळण्याजोगं असतं, कारण सामू जास्त असला की त्याची उपलब्धता वाढते. लोहाचं उलट. उसावर केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी पडतात, ते याच कारणाने. गाठीला लोह दोनदा लागतं, लेगहिमोग्लोबिनसाठी एकदा आणि नायट्रोजिनेजसाठी पुन्हा. अर्ध्या प्रथिनाचे समूह मोजा : पी-क्लस्टरचे आठ, फेमोकोचे सात आणि टेकलेल्या लहान प्रथिनाचे चार, एकूण १९ लोह अणू. बियाण्याला रायझोबियम जिवाणूंचं संवर्धक लावूनही गाठी कमी किंवा पांढऱ्या राहिल्या तर संवर्धकाला दोष द्यायच्या आधी माती परीक्षणात लोहाची नोंद पाहा आणि पाकिटावरची अंतिम तारीखही पाहा. बीजप्रक्रियेचं प्रमाण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून, आणि बियाणं सावलीतच सुकवायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी.

ॲझोटोबॅक्टर मात्र गाठीशिवाय, मोकळ्या हवेत हे करतो. तो झपाट्याने श्वसन करून आतला ऑक्सिजन कमी ठेवतो आणि ताण वाढला तर एक छोटं लोह-गंधक प्रथिन नायट्रोजिनेजला बिलगून त्याला तात्पुरतं बंद आणि सुरक्षित ठेवतं. त्याला शेठना प्रथिन म्हणतात. वाय. आय. शेठना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये ॲझोटोबॅक्टरच्या प्रथिनात लोहाचं ५७ वजनाचं समस्थानिक घालून दाखवलं की १.९४ या जी-मूल्याचा चुंबकीय संकेत लोहाचाच आहे. लोह-गंधक प्रथिनांच्या अभ्यासातला हा पायाचा प्रयोग आहे.

शेवटची पायरी घरीच करा. युनिप्रॉट या प्रथिनांच्या क्रमांच्या संग्रहावरून ॲझोटोबॅक्टर विनेलँडीच्या निफडी जनुकाचं प्रथिन, म्हणजे अल्फा साखळी, घ्या आणि मेसोरायझोबियमच्या एखाद्या जातीचं तेच प्रथिन घ्या. दोन्ही क्रम तिथल्याच जुळणीच्या साधनात टाका. मग ॲझोटोबॅक्टरच्या ओळीत सिस्टीन ६२, ८८, १५४, २७५ आणि हिस्टिडीन १९५, ४४२ यांवर बोट ठेवून खालच्या ओळीत काय आहे ते पाहा. डेटा बँकेचे आणि युनिप्रॉटचे क्रमांक सुरुवातीच्या मेथिओनिनमुळे एकाने पुढेमागे होतात, तेवढं सांभाळा. खालच्या ओळीतले क्रमांक वहीत वेगळ्या शाईने लिहून ठेवा. गाठीतल्या विकराबद्दल बोलताना तेच वापरायचे आहेत.